पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या पोटात

आम्हा सात माणसांना मिळून एक खोली होती आणि त्या खोलीला एक बल्ब. सांगलीच्या मार्केट यार्डामागे पत्र्याची खोली. बाबा हळदीच्या गोदामात हमाल. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा बनियन पिवळा, भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमच्याकडं बरंय, रोजच लगीन." विनोद चांगला होता, पण पोतं बाबांच्या पाठीवर होतं. आई हळकुंडं निवडायला जायची. पावसाळ्यात माल यायचा थांबला की घरात गुळाचा कोरा चहा आणि त्यात बुडवायला शिळी भाकरी. एका वर्षी बाबांची पाठ धरली ती सुटेचना. तेव्हा माझ्या थोरल्या भावाने, दादाने, शाळा सोडली आणि बाबांचा हूक हातात घेतला. मला म्हणाला, "तू शीक. दोघं उचलायला लागलो तर उचलणारेच राहू." त्याचा गणितात माझ्यापेक्षा चांगला हात होता. ही गोष्ट मला आजही लागते.

मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. आमच्या गल्लीतली पहिली पदवी. निकालाच्या दिवशी बाबांनी यार्डभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "पोरगी मिकॅनिक झाली." मी दुरुस्ती केली नाही. पुढे बघाल, बाबांचंच बरोबर निघालं.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मी कुठल्या शिकारी घराण्यातली आहे. आमच्या घरातलं सगळ्यात धोकादायक हत्यार म्हणजे विळी.

लग्नानंतर प्रसादच्या नोकरीमुळे नेदरलँड्सला आले. आल्मेरेला घर घेतलं. तो सकाळी ट्रेनने ॲमस्टरडॅमला जायचा आणि मी खेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, डच भाषेच्या वर्गाला. एके दिवशी जाहिरात दिसली: लहानशा वर्कशॉपला ड्रॉइंग वाचू शकणारा, मिलिंग मशीन चालवू शकणारा माणूस हवा. पत्ता सायकलच्या टप्प्यातला होता. मला वाटलं सायकलचेच भाग बनवत असतील. विम नावाच्या सहा फुटांहून उंच गृहस्थाने दार उघडलं, कॉफी दिली आणि टेबलावर एक उघडलेलं पिस्तूल ठेवून विचारलं, "यात काय बिघडलंय?" मी पिस्तूल त्याआधी फक्त पोलिसांच्या कमरेला पाहिलं होतं. पण स्प्रिंग ती स्प्रिंग आणि घासलेला कोपरा तो घासलेला कोपरा. दाखवला. पोलिसांनी माझी सगळी चौकशी करून परवानगी दिली आणि मी कामाला लागले.

आईला सांगायला मात्र वर्ष गेलं.

"काय गं, तू बंदुका इकतीस म्हणं?"

"विकत नाही आई, दुरुस्त करते."

"म्हंजे मोडक्या बंदुका! मग बरं हाय. मोडक्यानं कोण मरत न्हाई."

आमचं काम खेळाच्या बंदुकांचं. म्हणजे क्लबात कागदावर किंवा पोलादी थाळ्यांवर नेम मारणाऱ्यांसाठी. या देशात उठून कुणी बंदूक घेऊ शकत नाही. आधी क्लबचं सभासद व्हा, नियमित हजेरी लावा, मग पोलिसांकडे परवाना मागा. ते घरी येऊन तिजोरी भिंतीला नीट बसवली आहे ना हेसुद्धा हलवून बघतात. आमच्या दुकानात येणारा माणूस आधी कागद दाखवतो, मग हात मिळवतो. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे कोण? दातांचे डॉक्टर, बेकरीवाले, निवृत्त शिक्षक. भांडखोर म्हणाल तर एकूण एक भांडखोर, पण कशावरून? स्प्रिंगवरून. चापावरून. मुठीच्या लाकडावरून. सांगलीच्या आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळात इतक्या निष्ठेने कुणी भांडत नाही.

आता थोडं शिकवते, कंटाळू नका. पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या पेटीत एकावर एक असतात आणि रिकामी झालेली पुंगळी आपोआप बाहेर उडते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं गोल फिरणाऱ्या सिलिंडरच्या भोकांत बसतात आणि रिकाम्या पुंगळ्या आपण ढकलून बाहेर काढायच्या. म्हणून रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला कड असते, खिळ्याच्या डोक्यासारखी. त्या कडेला धरून ते ढकलता येतं. पिस्तुलाच्या काडतुसाला कड नसते, फक्त बुडाजवळ एक बारीक खाच. दोन जाती वेगळ्या, दोन भक्तसंप्रदाय वेगळे, रोटी-बेटी व्यवहार नाही.

आणि जर्मनीतल्या एका प्रदर्शनात मी हा व्यवहार झालेला पाहिला. स्पर्धेसाठी बनवलेलं नवं रिव्हॉल्व्हर, आठ भोकांचं, पण खायचं पिस्तुलाचं नऊ मिलिमीटरचं काडतूस! कड नाही तर काय झालं, आठ पाकळ्यांची एक पातळ पोलादी चकती; तिच्या पाकळ्यांमध्ये आठ काडतुसं खाचेत अडकवायची आणि सगळा गुच्छ एका दमात सिलिंडरमध्ये सोडायचा. टुप्! आठही भरली. मी चाप ओढून पाहिला. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखा, कुठे अडखळ नाही. खरं सांगते, मला तिथे उभ्या उभ्या हसू फुटलं. बाजूच्या माणसाने विचारलं, "पहिल्यांदा?" मी म्हटलं, "हो, आणि प्रेमात."

विमला फोन लावला. तो म्हणाला, "पिस्तूलवाल्यांकडे पिस्तूल आहे, रिव्हॉल्व्हरवाल्यांकडे रिव्हॉल्व्हर. हे घेणार कोण?"

"दोघंही. नऊ मिलिमीटर सगळ्यात स्वस्त, सगळीकडे मिळतं, हाताला झटका कमी. आणि टुप् होतं, विम!"

"टुप्?"

"तू ये आणि ऐक."

तो आला, ऐकलं, बराच वेळ मिशी चोळली. विमची बोटं तेव्हा सांध्यांनी आखडायला लागली होती. वर्कशॉप बंद करून नुसतं दुकान ठेवायचं त्याच्या मनात होतं, हे मला ठाऊक होतं. परत येताना गाडीत म्हणाला, "ठीक. मागवतो. उन्हाळी स्पर्धेपर्यंत सगळी खपली आणि नीट चालली, तर वर्कशॉप तू चालव. नाही तर उरलेली परत, मशीनं विकायची, आणि तू दुकानात काउंटरवर बस." डच माणूस असाच बोलतो. गोड नाही, पण मनात गाठही नाही.

काउंटरवर बसायला मी शिकले नव्हते.

माल आल्यावर आमच्या जवळच्या क्लबात शनिवारी सगळ्यांना दाखवायचं ठरलं. मी सकाळी देवापुढे दिवा लावला, त्यावर आमची ईरा म्हणाली, "ममा, दू नॉर्माल." साधं वाग, हे या देशाचं ब्रीदवाक्य आहे आणि माझ्या मुलीने ते पाळण्यातच उचललं. मी म्हटलं, "आज नाही हं बाळा."

त्या शनिवारची मजा काय सांगू! रांग कॉफीच्या काउंटरपर्यंत. पहिला मान कॉरचा. कॉर म्हणजे आयुष्यभर कालव्यावरचा पूल वर-खाली करून निवृत्त झालेला माणूस. वयाने माझ्या बाबांएवढा, पण इथे सगळ्यांना अरे-तुरे, त्यामुळे तोंडाने कॉर म्हणते आणि मनात काका. त्याने रिव्हॉल्व्हर असं धरलं, जणू कुणी दुसऱ्याचं ओलं बाळ हातात दिलंय.

"पिस्तुलाची काडतुसं? रिव्हॉल्व्हरमध्ये?"

"हो."

"हेरिंग माशावर चॉकलेटचे दाणे!"

सगळा हॉल हसला. त्याच्या मागे आन्नेके उभी होती. मूळची द हेगची, दातांची डॉक्टर, क्लबातली सगळ्यात चपळ नेमबाज. तिने कानावर संरक्षक चढवले, गुच्छ आत सोडला, आणि आठ थाळ्या अशा पडल्या की जणू कुणी ताटाळं ढकललं. ती वळली तेव्हा तिचा चेहरा शाळेची सहल जाहीर झालेल्या मुलीसारखा होता. रिव्हॉल्व्हर खाली ठेवून तिने मला उचललं. शब्दशः उचललं.

"टुप्!" ती ओरडली.

"मी तेच म्हणते!"

मग काय, हॉलचे दोन पक्ष. एक म्हणतो रूप वॉशिंग मशीनला दांडा लावल्यासारखं. दुसरा म्हणतो तुझी बायको तुझ्या रूपावर गेली होती का? एका शिक्षकाने चाप ओढून डोळे मिटले आणि पुटपुटला, "लोणी." पिस्तूलवाले येऊन बघून जायचे, परत यायचे, पुन्हा रांगेत उभे राहायचे. कॉफीबरोबर इथे माणशी एक बिस्कीट मिळतं, मग डब्याचं झाकण बंद. त्या दिवशी क्लबचा सेक्रेटरी डबा बंद करायलाच विसरला. एवढा गोंधळ त्या क्लबने पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत इंटरनेटवरच्या नेमबाजांच्या कट्ट्यावर पानंच्या पानं: "क्रांती!" "वेडेपणा!" "माझ्या वडिलांनी हे पाहायला नको होतं." "तुझे वडील रांगेत माझ्या पुढे होते."

मंगळवारी, दुकानात कुणी नाही असं पाहून, कॉर आला.

"ते हेरिंगवालं यंत्र. माझ्या मेहुण्याला हवंय."

"मेहुण्याला त्याचा परवाना घेऊन पाठव."

"त्याला सायटिका आहे."

"मग बरा झाल्यावर."

कॉरने खिडकीबाहेर पाहिलं. "बरं. मलाच हवंय. पण आन्नेकेला सांगू नकोस."

आन्नेके आपलं घेऊन कधीच गेली होती. तिने एक शोधही लावला: रिकाम्या पुंगळ्या चकतीतून उपसायला नखं तुटतात, म्हणून ती दवाखान्यातला दात उपटायचा जुना चिमटा आणायची. "दुखेल का?" असं प्रत्येक पुंगळीला विचारून मग उपटायची.

सगळं असं हवेत चाललेलं असताना आम्ही जमिनीवर आलो. पहिली तक्रार आली, मग दुसरी, मग धडाधड. सिलिंडर अडतंय. चाप ओढला तरी बार उडत नाही. एका शनिवारी क्लबच्या छोट्या सामन्यात कॉरचं रिव्हॉल्व्हर मध्येच घट्ट अडकलं. त्याने नियमाप्रमाणे ते सुरक्षित करून खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दार अडवायला उत्तम. शैला, तुझ्यासारख्या इंजिनिअरने हे निवडलं?"

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. गल्लीतली पहिली पदवी माझी आहे आणि ती कुणी अशी हॉलमध्ये काढली की लागतं. कट्ट्यावर कालचे क्रांतिकारक आज म्हणत होते, आम्ही आधीच सांगितलं होतं. विम मला मशीनवरची धूळ पुसताना दिसला, आणि विम मशीन कधी पुसत नसे. विकायची वस्तू माणूस पुसतो.

मी परत आलेलं प्रत्येक रिव्हॉल्व्हर उघडलं. दोष नाही. नवी काडतुसं भरून चालवलं, शिवणयंत्रासारखं चाललं. आन्नेकेचं कधीच अडकलं नव्हतं. मग कॉरचंच का? मी सरळ सायकल काढली आणि कॉरच्या घरी गेले.

"भांडायला आलीस?"

"नाही. तुझी काडतुसं बघायला."

तो मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला आणि मला उत्तर दारातच दिसलं. बादल्या! पुंगळ्यांनी भरलेल्या बादल्या. आता हे इथल्या लोकांचं वैशिष्ट्य ऐका. नवी काडतुसं विकत घेणं म्हणजे उधळपट्टी असं बऱ्याच नेमबाजांना वाटतं. सामना संपला की मंडळी झाडू घेऊन क्लबच्या फरशीवर पडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करतात, आपल्या आणि दुसऱ्याच्याही, आणि रीतसर परवानगीने घरी त्या पुन्हा भरतात. कॉरकडे सगळ्या देशांचं पितळ होतं. झेक, फिनिश, इटालियन, जर्मन, एकाच बादलीत.

पिस्तुलाला याने काही फरक पडत नाही. ते एकेक काडतूस सुटं धरतं. पण आमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आठही जणांना एकाच चकतीत बसायचं असतं, आणि प्रत्येक कारखान्याची खाच केसभर वेगळी. कुणाची सैल, तर काडतूस लोंबकळतं आणि हॅमरचा ठोका वाया जातो. कुणाची घट्ट, तर चकतीच वाकते आणि सिलिंडर घासतं. मी त्याच्या टेबलावर आठ भरलेली काडतुसं चकतीत लावून दाखवली. तीन मान टाकून बसली होती, दोन ताठ.

कॉर चष्मा पुसून बघत राहिला. "म्हणजे माझं पितळ वाईट?"

"पितळ उत्तम. शेजारी चुकीचे."

"तर मग ही सगळी बादली फेकू?" हे विचारताना त्याचा आवाज असा झाला, जणू मी त्याचं कुत्रं सोडून द्यायला सांगितलंय.

डच माणसाला पितळ फेक म्हणणं म्हणजे आमच्या आईला उरलेली भाकरी फेक म्हणण्यासारखं. "हो" म्हटलं असतं तर ते रिव्हॉल्व्हर त्याच क्षणी मेलं असतं, कारण देशभर प्रत्येक शेडमध्ये अशी बादली होती. नवीच काडतुसं घ्या असं सांगून हे खपणार नव्हतं.

पुढचा आठवडा मी मशीनवर होते. पोलादाची तळहाताएवढी पट्टी घेतली आणि तिला दोन फटी पाडल्या, एक अरुंद, एक रुंद. चकत्या दोन जाडीच्या करायच्या आणि कुठल्या पुंगळीला कुठली हे या पट्टीने ठरवायचं; खाच अरुंद फटीत सरकली तर पातळ चकती, रुंद फटीत सरकली तर जाड, असं मी आधी केलं आणि ते चुकलं. घट्ट खाचेला पातळ चकती हवी हे बरोबर, पण फटीत सरकवून खाचेची रुंदी कळत नाही, फक्त तिच्या तळाचा घेर कळतो. पुन्हा बसले. पट्टीची कडच पायऱ्यांसारखी केली, वेगवेगळ्या जाडीची. कड खाचेत अडकवून बघायची. पहिली पायरी चपखल बसली तर पातळ चकती, दुसरी बसली तर जाड, आणि कुठलीच नाही बसली तर ती पुंगळी पिस्तूलवाल्या मित्राला भेट. दोन्ही जाडीच्या चकत्या कापून घेतल्या. काहीच फेकायचं नाही.

विमने पट्टी हातात घेतली. आखडलेल्या बोटांनी पाच-सहा पुंगळ्या लावून बघितल्या.

"काय किंमत लावायची?"

"फुकट."

"फुकट?" त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा चमक आली. "शैला, तू आता डच झालीस. फुकट म्हटलं की ते पार उत्तरेच्या ख्रोनिंगेनपासून येतील."

आणि आले! पुढच्या शनिवारी क्लबात लोक बादल्या घेऊन आले. टेबलं जोडली, मध्ये पितळेचे ढीग, आणि साठीच्या-सत्तरीच्या माणसांची निवडानिवड सुरू. तासाभरात त्याचा बाजार झाला. "माझ्याकडे झेक खूप झालंय, कुणाकडे फिनिश आहे?" "दोन इटालियनला एक फिनिश." "लुटारू!" आन्नेके तर नवी काडतुसं वापरणारी, तिचा काही संबंध नव्हता, पण पुंगळ्या नाहीत म्हणून खेळात घेत नाहीत, यावर रुसून तिने कॉरकडे मूठभर उसन्या मागितल्या. कॉर म्हणाला, "आधी माझ्या दाढेचं बघ."

मी चकत्या वाटत हिंडत होते. कॉरने निवडलेली आठ काडतुसं पातळ चकतीत लावली. एकही हललं नाही. त्याने गुच्छ कानाशी नेऊन खुळखुळ्यासारखा हलवला. आवाज नाही. मग माझ्याकडे बघून, हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इंजिनिअर!" बास. तेवढाच शब्द. मागच्या वेळी जितक्या मोठ्याने विचारला होता, तितक्याच मोठ्याने.

उन्हाळी स्पर्धेला देशभरचे क्लब आले. आमच्या पेटीत तेव्हाही काही नग शिल्लक होते, आणि विम सकाळपासून हाताची घडी घालून उभा होता. मी डब्यात साबुदाणा वडे नेले होते. ते कुणी खाल्ले मला माहीत नाही, मी नाही खाल्ले. रिव्हॉल्व्हरच्या गटात आमचं यंत्र घेतलेले बरेच जण. प्रत्येकाच्या वेळी माझं बोट चाप ओढल्यासारखं वळायचं आणि प्रसाद ते धरायचा. "अगं, बंदूक त्यांच्या हातात आहे, तू का चाप ओढतेस?"

आन्नेके वाऱ्यासारखी गेली. शेवटी कॉर. पंच म्हणाले, तयार? शिट्टी. पहिल्या आठ थाळ्या पडल्या. कॉरने सिलिंडर उघडलं, रिकामा गुच्छ खाली, कमरेचा नवा गुच्छ वर. पुलावरच्या माणसाला घाई कधी करावी लागली नव्हती, त्यामुळे हातही तसाच सावकाश. माझ्याशेजारी कुणीतरी कुजबुजलं, "हा त्या दिवशी अडकलेला ना?" आणि मग अख्ख्या मैदानाला ऐकू आलं.

टुप्.

आठच्या आठ. मग पुन्हा टुप्, पुन्हा आठ. शेवटची थाळी पडली तेव्हा कॉरने रिव्हॉल्व्हर रिकामं दाखवलं, ठेवलं, आणि त्या पुलाच्या म्हाताऱ्याने जागच्या जागी तीन उड्या मारल्या. आन्नेके पहिली आली, कॉर तिसरा. दुसरी आलेली मुलगी दुसऱ्याच क्लबची, दुसऱ्याच बनावटीची; ती निकाल लागल्या लागल्या माझ्याकडे आली. "ते टुप् वाजणारं मला एकदा देतेस?" तिच्यामागे आणखी दोघे. त्यांच्यामागे आणखी. विमने हाताची घडी सोडली.

उरलेला प्रत्येक नग त्याच दिवशी कुणाच्या तरी नावावर लागला, आणि विमने शर्त पुरी धरली. परवान्यांचे कागद पूर्ण व्हायला वेळ लागतो, पण थंडी सुरू व्हायच्या आत पेटी रिकामी झाली. आईला फोन केला.

"सगळ्या खपल्या, आई. आणि वर्कशॉप आता माझ्याकडं."

"खपल्या म्हंजे इकल्यास की! दुरुस्त करते म्हणालीस न्हवं?" मग दादाला हाक मारून म्हणाली, "ऐकलंस का रं, आपली मिकॅनिक मालकीण झाली."

मालकीण नाही, आई. दुकान विमचंच आहे. पण त्या हंगामात आणलेलं एकही रिव्हॉल्व्हर कारखान्याकडे परत गेलं नाही, एकही मशीन विकलं गेलं नाही, आणि ते वर्कशॉप आज मी चालवते.